दिवसाची लाईट

पहाटे ४.४०

फोन उशाशीच असतो. दुसऱ्या रिंगला तो उचलतो, डोळे मिटलेलेच. नाव विचारत नाही. एकच विचारतो, "कोणत्या डीपीवर?"

"मळ्याच्या. एक फेज गेलाय भाऊ. मोटर नुसती घुमती."

"बंद केली का?"

"केली."

"ऑटो पण काढा. आलोच."

सिल्लोडच्या खेड्यांत ट्रान्सफॉर्मर हा शब्द कुणी वापरत नाही. डीपी जळतो, डीपी बसतो, डीपी नंबराला लागतो. विजेलाही वीज कुणी म्हणत नाही, लाईट म्हणतात. आणि याला सगळे लाईनमन म्हणतात. कागदावर तो ठेकेदाराकडचा बाह्यस्रोत कामगार आहे. वय चौतीस. खांबावर चढायला लागून अकरा वर्षं झाली. हातात महिन्याला सोळा हजारांच्या आसपास पडतात. मोटरसायकल स्वतःची, पेट्रोलही स्वतःचं. रोजचं शंभर रुपयांचं.

मी त्याच्या ओसरीवर झोपलो होतो. स्वेटर, कानटोपी चढवून मागे बसलो. महिना जानेवारीचा.

पहाटे ५.०५

भराडीच्या बाजूचा रस्ता. दोन्हीकडे अंधार, पण रान जागं आहे. बांधाबांधावर शेकोट्या. डोक्याला बॅटऱ्या बांधलेली माणसं मक्यात हलताना दिसतात. ती दारं धरतायत. एका वाफ्यात पाणी भरलं की फावड्यानं त्याचं तोंड बंद करायचं, पुढच्याचं उघडायचं. या दिवसांत पाणी बर्फासारखं. अजिंठ्याचे डोंगर जवळ, त्यामुळे बिबट्याचं नाव निघाल्याशिवाय रात्रीची गोष्ट संपत नाही. नागाचं नाव काढत नाहीत, "लांबडं" म्हणतात.

डीपीपाशी म्हातारा शेतकरी उभा. गुडघ्यापर्यंत चिखल. "या," एवढंच म्हणतो.

लाईनमन आधी दांडा ओढून एबी स्विच खोलतो. बॅटरीचा झोत वर मारून तिन्ही पाती सुटली का ते मोजतो. मोठ्यानं मोजतो, "एक, दोन, तीन." एकदा दोनच सुटली होती म्हणे, तेव्हापासून ही सवय. मग डिस्चार्ज रॉड लावतो. मग पेटी उघडतो. मधल्या किटकॅट फ्यूजमधली तार वितळलेली. शेजारच्या फेजला कुणीतरी ॲल्युमिनियमची जाड तार पिळून घातलेली. तो ती पक्कडीनं काढतो आणि खिशात टाकतो.

"जाड तार टाकली की फ्यूज जात नाही," तो म्हाताऱ्याला सांगतो, "मग डीपीच जातो. फ्यूज पाच रुपयांचा असतो काका."

म्हातारा मान हलवतो. तार कुणी टाकली हे दोघांनाही माहीत असावं.

एक फेज गेला की तीन फेजची मोटर नीट फिरत नाही, घुमते आणि तापते. कुणाच्या लक्षात आलं नाही तर आतली वायंडिंग जळते. पाच एचपीची मोटर भरून आणायला साडेचार हजार. बोअरमधून काढायची, परत सोडायची मजुरी वेगळी. म्हातारा झोपला नव्हता, म्हणून त्याचे साडेचार हजार वाचले.

सकाळी ६.००

लाईट गेली. बिघाड नाही, वेळ संपली. शेतीच्या फीडरला तीन फेज आठ तास. या फीडरला आठवड्यातले काही दिवस रात्री दहा ते सकाळी सहा, उरलेले दिवस दिवसा. शेजारच्या फीडरचं याच्या उलट. पुढे पाळी बदलते. सगळ्या मोटरी एकदम सुरू झाल्या तर उपकेंद्र पेलणार नाही, म्हणून चक्र.

म्हाताऱ्याचे सहा वाफे राहिले. फावडं धुऊन तो शेकोटीपाशी बसतो. राहिलेले वाफे आज रात्री दहानंतर.

सात वाजून पाच-सात मिनिटांनी सूर्य उगवला. गव्हावर दव होतं.

सकाळी ७.३०

घरी. अंघोळ, चहा, बाजरीची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. मिरची इथलं नगदी पीक. उन्हाळ्यात मल्चिंगवर लावतात, पावसाळ्यात तोडणी चालते, शिवण्याच्या बाजारातून गाड्या भरून जातात. तोडणीच्या पैशांवर इथली लग्नं ठरतात.

वडील अंगणात बसलेले. यांचा गहू दोन एकर, ओंबीत आलाय. यांच्या डीपीवर चौदा मोटरी. तो डीपी चार दिवसांपूर्वी जळाला.

"आज बसतोय ना?"

"बसतोय."

"चार दिवस झाले पाणी तुटून."

"सगळ्यांचंच तुटलंय, बाबा."

लाईनमनच्या घरचा डीपी आधी बसला असं कुणी म्हणू नये याची त्याला धास्ती. जळालेले आणखी दोन होते. यादीत ते आधी होते, ते आधी बसले.

सकाळी ९.१०

उपकेंद्र. तेहतीस हजार व्होल्टची लाईन येते, अकरा हजाराचे फीडर निघतात. खोलीत पॅनल, भिंतीवर घड्याळ, टेबलावर जाडजूड रजिस्टर. घड्याळ पाच मिनिटंही पुढे-मागे चालत नाही. त्याच्यावर किती गावांची झोप टांगली आहे हे ऑपरेटरला ठाऊक आहे.

लाईनमन परमिट घेतो. फीडरचं नाव, काम कुठे, वेळ, सही. ज्यानं घेतलं त्यानंच परत करायचं. फोनवरून 'चालू कर' म्हणायचं नाही, म्हटलं तर ऐकायचं नाही. नियम साधा आहे. हा नियम मोडला की माणूस खांबावरच राहतो, म्हणून तो पाळला जातोय हे डोळ्यांनी बघून मला बरं वाटलं.

मी ऑपरेटरला विचारतो, दिवसाच का देत नाहीत सगळ्यांना?

तो पेन खाली ठेवतो. "दिवसा कारखाना, दुकान, ऑफिस, सगळे वीज ओढतात. रात्री मागणी कमी, तेव्हा शेती. वर्षानुवर्षं हेच." मग बोट उचलून खिडकीबाहेरच्या उन्हाकडे दाखवतो. "आता ते उलटं करायचं चाललंय."

ते चाललंय २०१७ पासून. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना त्या वर्षी आली. उपकेंद्राच्या पाच-दहा किलोमीटरच्या आत जमीन घ्यायची, तिथे सौर पॅनल लावायचे, तिथली वीज लांब न नेता त्याच उपकेंद्राच्या शेती फीडरला द्यायची. ऊन दिवसाच असतं, म्हणून पाणीही दिवसा. २०२३ मध्ये योजनेचा दुसरा टप्पा आला. आधी तीस टक्के शेती फीडर सौरऊर्जेवर नेण्याचं ठरलं, पुढे लक्ष्य सोळा हजार मेगावॉटपर्यंत गेलं. खासगी जमीन दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं, दरवर्षी तीन टक्के वाढ. या टप्प्यातला राज्यातला पहिला प्रकल्प याच जिल्ह्यात उभा राहिला, वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावात. तीन मेगावॉटचा. सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला.

ऑपरेटर म्हणतो, "ज्या दिवशी आपल्याकडे येईल त्या दिवशी मी फक्त हे दोन खटके उलटे टाकीन. दहाचा सकाळी, सहाचा संध्याकाळी. मला काहीच काम नाही त्यात."

सकाळी १०.००

पाच खांब पलीकडे तारा जोडणारा जंपर तुटलाय. शिडी, सुरक्षा पट्टा, हेल्मेट, रबरी हातमोजे. मोज्यात तो फुंकर मारून बघतो, कुठून हवा जाते का. एक मोजा बाद करतो. पिशवीतून दुसरा काढतो.

खाली दोन पोरं बघत उभी. एक म्हणतो, "लाईट तर नाहीच आत्ता, कशाला एवढं?"

तो वरूनच ओरडतो, "मोटरीची नाही. घरातला बल्ब चालू असतो ना तुझा? तो काय हवेवर चालतो?"

हे मलाही नीट माहीत नव्हतं. तीन फेजची वेळ संपली तरी शेतवस्तीच्या दिव्यांपुरता सिंगल फेज सुरूच असतो. म्हणजे तार मेलेली नसते. तार मेलीय असं समजून हात घातलेल्यांच्या गोष्टी प्रत्येक गावात आहेत. त्यानं मला दोन सांगितल्या. इथे लिहीत नाही.

काम वीस मिनिटांचं. परमिट, खोलणं, तपासणं, अर्थिंग आणि परत जाऊन सही करणं, हे सगळं धरून दीड तास.

दुपारी १२.१५

पार. चहा दहा रुपये. बोलणं गायरानावर आलंय. सौर प्रकल्पाला गायरान द्यायचं का, ग्रामसभेत ठराव येणार आहे. ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाख, तीन वर्षं मिळतात. शाळेचं पत्र्याचं छप्पर, स्मशानभूमीचा रस्ता, अशी यादी तयार आहे.

शेळ्या राखणारी एक बाई जरा अंतरावर उभी राहून ऐकते. म्हणते, "पंधरा लाख गावाला. माझ्या बारा शेळ्या कुठं न्यायच्या ते सांगा."

कुणी उत्तर देत नाही. मग एक म्हातारा म्हणतो, "एक कोपरा सोडा म्हणून ठरावात लिहा." सरपंचाचा पुतण्या मोबाईलवर टिपून घेतो. मला वाटतं, त्या सकाळी झालेलं सगळ्यात कामाचं सरकारी काम ते होतं. ते वाक्य ठरावापर्यंत पोचावं.

दुसरा सांगतो, "माझी लेक धोंदलगावच्या अंगाला दिली. तिकडं आता दिवसाची लाईट. जावई रात्री घरी झोपतो."

"मग?"

"मग काय. झोपतो."

दुष्काळाचं निघतं. २०२३ च्या ३१ ऑक्टोबरला चाळीस तालुक्यांची यादी निघाली होती. वरचं सोयगाव त्यात होतं, शेजारचं भोकरदन त्यात होतं. मधलं सिल्लोड त्या यादीत नव्हतं. "ढगाला तालुक्याची हद्द दिसत असंल," असं एकानं म्हटलं, पण कुणी हसलं नाही. त्या वर्षी इथल्याही विहिरी फेब्रुवारीत तळाला गेल्या होत्या. पाणी कमी असलं की रात्रीची लाईट आणखी नडते. विहीर दोन तासांत उपसते, मग झरा भरेपर्यंत थांबायचं, पुन्हा मोटर लावायची. आठ तास लाईट, त्यात पाणी तीन तास, आणि जागरण आठही तासांचं.

दुपारी १.३०

डबा एका सौरपंपवाल्याच्या शेतात खाल्ला. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतला, पाच एचपीचा. शेतकऱ्याचा हिस्सा दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातींना पाच. यानं तीस हजारांच्या वर भरले. आधी विजेच्या जोडणीचं कोटेशन भरून तो थांबला होता.

"नऊपर्यंत धार बारीक," तो सांगतो. "दहा ते तीन जोरात. चारनंतर परत बारीक. आभाळ आलं की बसा." मग पाट्यांकडे बघतो. "पण सहा महिने झाले, रात्री रानात आलो नाही."

पाट्यांवर धूळ होती. त्याची बायको ओल्या फडक्यानं त्या पुसत होती. एकेक पाटी, लहान मुलाचं तोंड पुसावं तशी, कोपऱ्यांसकट.

लाईनमन भाकरी मोडता मोडता म्हणतो, "यांचा फोन मला येत नाही." त्यात त्याला आनंदच होता.

दुपारी २.४०

ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत ६३ केव्हीएचा दुरुस्त डीपी, खाली गोणपाट, चारी बाजूंनी दोर. वजन तीन-साडेतीन क्विंटल. ट्रॅक्टर शेतकऱ्यांचाच, घाईही त्यांचीच. डिझेलला आणि हमालीला माणशी दोनशे काढले. चौदा जण, अठ्ठावीसशे रुपये. हिशोब एका शाळकरी पोरीच्या वहीत आहे. तिनं दोघांच्या नावापुढे 'उद्या' लिहिलंय.

आधी एबी खोलला, मोजला, अर्थिंग लावलं. मग वरच्या चॅनेलला चेन कप्पी टांगली. हूक डीपीच्या कानांत अडकवले. दोन जण साखळीवर, दोघं बाजूच्या दोरांवर. साखळी खरखरते, डीपी ट्रॉलीवरून एक वीत उचलतो आणि हळूच गोल फिरायला लागतो. "धरा, धरा, अंगावर घेऊ नका, दोर धरा!" दोरवाल्याचे पाय चिखलात रुततात. चप्पल निघून जाते. तो तसाच उभा राहतो.

एकेक कडी. अर्ध्या तासानं डीपी चॅनेलवर टेकला. नटबोल्ट. एका बोल्टचा आटा गेलेला. पोरगं मोटरसायकलवर गावात पळालं, पंधरा रुपयांचा बोल्ट, येऊन-जाऊन पाऊण तास. चौदा शेतांचं पाणी त्या बोल्टापाशी थांबलं होतं. सगळे बांधावर बसले, कुणी तंबाखू मळली.

तेवढ्यात लाईनमन बाकीचं बघतो. काचेतून तेलाची पातळी. श्वास घ्यायच्या डबीतले खडे निळे आहेत, चांगले. गुलाबी असते तर ओल धरलेली. मेगर लावून इन्सुलेशन मोजलं. आकडा बघून मान हलवली. मग अर्थिंगचा खड्डा उकरायला लावला. मीठ आणि कोळसा जुनाच, कोरडाठाक. नवं मीठ टाकलं, दोन घागरी पाणी ओतलं.

"हे दर उन्हाळ्यात ओतत जा," तो सांगतो. "माणसाला लागतं तसं यालाही पाणी लागतं."

मग त्यानं सगळ्यांना जवळ बोलावलं. जमिनीवर काडीनं हिशोब मांडला. पाच एचपीची मोटर साडेपाच केव्हीएच्या आसपास ओढते. चौदा मोटरी म्हणजे सत्त्याहत्तर. डीपी त्रेसष्टचा. त्यात सगळ्यांना ऑटो. लाईट आली की चौदाही आपोआप, एका दमात उठतात, आणि उठताना मोटर चालतीच्या कितीतरी पट ओढते.

"मागचा यानंच गेला. हाही जाईल. मग परत चार दिवस, परत दोनशे."

"पण लाईट फुकट आहे ना आता," एक तरुण म्हणाला.

खरंच आहे. साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ पासून बिल नाही, पाच वर्षांसाठी. महावितरणचे पैसे सरकार भरतं. सगळ्यांकडे शून्याची बिलं आहेत.

माझ्या वहीत त्या दिवशीचे आकडे असे: ट्रॅक्टर-हमाली माणशी दोनशे. बोल्ट पंधरा. फ्यूजची तार पाच. गेल्या महिन्यात तिघांच्या मोटरी जळाल्या, साडेचार हजार प्रत्येकी. लाईनमनचं पेट्रोल शंभर. चार दिवस तहानलेला गहू किती क्विंटल कमी उतरेल, ते मळणीलाच कळेल.

ठरलं ते असं. सगळ्यांनी ऑटो काढायचा. सात मोटरी दहा ते दोन, सात दोन ते सहा. कपॅसिटर ज्यांचा नाही त्यांनी तो आधी बसवायचा. चिठ्ठ्या टाकायच्या का यावर थोडी ओढाताण झाली. शेवटी बांधाच्या क्रमानं नावं लिहिली, त्याच पोरीच्या वहीत. लाईनमनच्या वडिलांचं नाव क्रमानं पाचवं येत होतं.

"त्यांना दुसऱ्यात घे," तो म्हणाला. पोरीनं खोडलं, खाली लिहिलं.

संध्याकाळी ५.५०

डीपीच्या कामाचं परमिट परत. सही. ऑपरेटर बदलला आहे, दुसरा माणूस बसलाय. नव्या डीपीचा एबी मात्र खोललेलाच ठेवलाय. तीन फेज येईल रात्री दहाला, तेव्हाच चार्ज करायचा आणि लगेच लोड द्यायचा नाही.

म्हणजे त्याची ड्यूटी संपली, पण काम संपलेलं नाही.

संध्याकाळी ७.१५

जेवताना पाच फोन आले. दोन गावातल्या लाईटचे, एक मीटरचा, एक चुकून. पाचवा वडिलांचाच, शेतातून. "ते अर्थिंगचं पाणी मुरलं का बघू का?"

"बघा. हात लावू नका."

मुलगी दुसरीत आहे. तिनं पाढे म्हणून दाखवले. बाराच्या पाढ्यापर्यंत तो जागा होता, तेराला बसल्या जागी झोपला. बायकोनं घोंगडी टाकली आणि साडेनऊचा गजर लावून फोन उशाशी ठेवला.

रात्री १०.००

डीपीखाली सात-आठ जण. बॅटऱ्या बंद ठेवलेल्या, चांदणं आहे. लांबच्या उपकेंद्रात खटका पडल्याचं इथे ऐकू येत नाही. पलीकडच्या शिवारातल्या मोटरी एकदम बोलायला लागल्या, त्यावरून कळलं.

त्यानं एबी मारला. वर बारीकसा निळा चटका उडाला. मग डीपीचा आवाज सुरू झाला. हलका, एकसारखा. तो खांबाला कान लावल्यासारखा उभा. अर्धा तास लोड नाही म्हणजे नाही. एक जण दोनदा म्हणाला, "आता देऊ का?" त्यानं घड्याळ दाखवलं.

साडेदहाला पहिली. "द्या." रानातून मोटरीचा आवाज. दोन मिनिटं थांबून दुसरी. तिसरी. प्रत्येक वेळी तो पेटीतल्या जोडांवर झोत फिरवतो, कुठे ठिणगी आहे का बघतो. पाचवीला व्होल्टेज जरासं वाकलं, मग सावरलं. सातवी लागली तेव्हा पावणेअकरा वाजून गेले होते. सऱ्यांमधून पाण्याचा आवाज यायला लागला. माणसं फावडी घेऊन आपापल्या बांधाला पांगली.

घरी आलो. वडील जागेच होते, कानाला मफलर, हातात बॅटरी.

"आली का?"

"आली. आपली दोनला."

"मी जातो."

"तुम्ही झोपा. मी लावतो जाऊन."

त्यानं फोनमध्ये पावणेदोनचा गजर लावला. आवाज मोठा केला. उशाशी ठेवला.